मेंढीच्या गर्भात 'तिसरा डोळा' सापडला म्हणे, तर त्याबद्दल

दोन दिवसांत तीन ग्रुपवर एकच फॉरवर्ड आलाय. मेंढीच्या गर्भात पिनियल ग्रंथी (मेंदूतली छोटीशी ग्रंथी) तयार होताना तिच्यात काळ्या रंगपेशी दिसतात, म्हणून तो खराखुरा तिसरा डोळा, तो काळा रंग म्हणजेच मेलाटोनिन (पिनियलमधून रात्री सुटणारं संप्रेरक), आणि पिल्लू पोटात असतानाच त्या डोळ्याने दिवस-रात्र ओळखतं. रंगपेशी दिसतात हे खरंय, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यातले तपकिरी-काळे कण दिसतात. पुढचं सगळं चूक आहे, आणि खरी गोष्ट याहून कितीतरी भारी आहे म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे, काळा रंग आहे म्हणून डोळा होत नाही. डोळ्यातसुद्धा बघायचं काम रॉड आणि कोन पेशी करतात, मागचा काळा थर जादा प्रकाश शोषून घेतो. मेलानिन, म्हणजे हे काळं रंगद्रव्य, तर आपल्या आतल्या कानातही असतं, म्हणून काय कानाने दिसतं? मटणवाल्याकडून मेंढीचा भेजा आणलात तर वरच्या पातळ पापुद्र्यावर कधीकधी शाई सांडल्यासारखे डाग असतात, धुतले तरी जात नाहीत, तेही मेलानिनच.

मेलानिन आणि मेलाटोनिन एक नाही. मेलानिन टायरोसिन या अमिनो आम्लापासून बनतं, मेलाटोनिन ट्रिप्टोफॅन या दुसऱ्या अमिनो आम्लापासून, मधे सेरोटोनिन नावाच्या रसायनाची पायरी. घोळ नावाने केलाय. 1958 साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या एरन लर्नर यांनी गुरांच्या पिनियलमधून मेलाटोनिन वेगळं काढलं, त्याने बेडकाची कातडी फिकी पडायची म्हणून नावात 'मेला' (ग्रीकमध्ये काळा) आलं. म्हणजे रंग आणणारं नाही, उतरवणारं.

तिसरा डोळा ही कल्पना मात्र अगदीच हवेतली नाही, हे मान्य करायला हवं. न्यूझीलंडच्या तुआतारा या सरड्यासारख्या प्राण्याच्या डोक्यावर भिंग आणि रेटिना असलेला छोटा डोळा असतो, पिनियलचा सख्खा शेजारी, आणि माशा-बेडकांची पिनियल स्वतः प्रकाश ओळखते. पण सस्तन प्राण्यांत ती सोय गेली. आपल्यात आणि मेंढीत प्रकाशाची खबर नेहमीच्या डोळ्यांतून मेंदूतल्या घड्याळाकडे जाते, तिथून मज्जारज्जूतून खाली, मग मानेतल्या मज्जागाठीतून परत वर पिनियलला, एवढा वळसा.

आता पोटातल्या पिल्लाचं. पाचेक महिने ते अंधारात असतं, तरी त्याच्या रक्तात मेलाटोनिन रात्री चढतं आणि दिवसा उतरतं, हे खरंय. फक्त ते त्याचं स्वतःचं नसतं. मेलाटोनिन वारेतून (प्लासेंटातून) आरपार जातं, त्यामुळे आईच्या रक्तात रात्री जे वाढतं तेच पिल्लाकडे पोचतं. हे तपासायला गाभण मेंढ्यांची पिनियल काढून बघितलीय, आणि पिल्लाची पिनियल जागच्या जागी शाबूत असूनसुद्धा त्याच्या रक्तातला तो चढ-उतार गेला. बाहेर रात्र किती लांब आहे हे पिल्लाला त्याची आई सांगत होती.