पुढच्या ब्रेकला हात लावू नका म्हणे!

"मुलींनी पहिली बाईक घेताना पाळायचे सहा नियम" असा एक मेसेज सध्या फिरतोय. वर गुलाबी हेल्मेटचं चित्र, खाली "जनहितार्थ". असले मेसेज मी एरवी उघडतही नाही. पण हा माझ्या भाचीपर्यंत पोचला. टेस्ट राइड घेऊन जवळजवळ ठरवलेली बाईक तिने रद्द केली आणि वर मला विचारते, "मावशी, पुढचा ब्रेक खरंच वापरायचा नसतो का गं?" तेव्हा मात्र डोकं फिरलं.

मेसेज म्हणतो: दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकलेच पाहिजेत. टेकत नसतील तर बाईक खाली, म्हणजे कमी उंचीची, करून घ्या. कमी सीसीचीच घ्या. पुढचा ब्रेक वापरू नका. जास्त चालवू नका, गर्भाशयाला धक्के बसतात. आणि बाईक घरातल्या पुरुषाने निवडावी, शिकवावीही त्यानेच. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यानेच हे लिहिलंय, दुसरं काय!

आधी ब्रेकचं बोलू. बाकीच्या सल्ल्यांनी फार तर नको ती बाईक घरी येईल, या सल्ल्याने जीव जाईल. मेसेजचं म्हणणं, "पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते, म्हणून मुलींनी फक्त पायाचा ब्रेक वापरावा." अहो, ब्रेक लावला की बाईकचं आणि चालवणाऱ्याचं वजन पुढे झुकतं. पुढचं चाक रस्त्याला घट्ट दाबलं जातं, मागचं हलकं होतं. पायाचा ब्रेक असतो मागच्या चाकाचा; हलक्या झालेल्या चाकावर पाय कितीही रोवला तरी ते लॉक होऊन, म्हणजे फिरायचं थांबून, घसरणार. जोरात थांबताना बहुतेक काम पुढचं चाकच करतं, म्हणून तर ब्रेकची मोठी डिस्क पुढे असते. कंपन्या ती शोभेसाठी बसवत नाहीत.

आणि हे मी मनाचं सांगत नाही. अमेरिकेतल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांच्या गटाने लॉस एंजेलिस भागातल्या 900 मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली. अहवाल 1981 मध्ये आला. जुना आहे, पण चाकाखालचं विज्ञान तेव्हापासून बदललेलं नाही. त्यांना दिसलं ते असं: बहुतेक चालकांनी घाबरून मागचा ब्रेक करकचून दाबला, चाक घसरलं, आणि पुढचा ब्रेक मात्र पुरेसा वापरलाच नाही. अपघात टाळायला हाताशी वेळ किती? सर्वसाधारणपणे दोन सेकंदांहून कमी. तेवढ्यात विचार करायला सवड नसते, हातपाय सवयीचं तेच करतात. म्हणजे अपघातात सापडलेले लोक जी चूक करत होते, तीच हा मेसेज मुलींना नियम म्हणून घोकायला लावतोय.

आता नाइलाजाने एक मान्य करते. पार्किंगमध्ये अगदी हळू वळताना, हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक कचकन दाबला तर बाईक आडवी होते. वाळूवर, खडीवर तर होतेच. लिहिणाऱ्याने कुणाला तरी असं पडताना पाहिलं असणार आणि तेवढ्यावरून नियम ठोकून दिला. त्यावर उपाय ब्रेक सोडून देणं हा नाही. पुढचा ब्रेक झटक्यात नाही, हळूहळू वाढवत दाबायचा, आणि संथ वळणावर मागच्यावर भिस्त ठेवायची. मोकळ्या जागेत मुद्दाम याचा सराव करावा लागतो. पहिल्या बाईकला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, मिळत असेल तर घ्यावं.

खरं बघायचं ते मेसेजमध्ये नाहीच. बोटं हँडलवरच्या, पुढच्या ब्रेकच्या लिव्हरपर्यंत पोचतात का? तळवा थ्रॉटलवर, म्हणजे वेग वाढवायच्या मुठीवर, नीट ठेवा आणि दोन बोटं पुढे करा. बोटांची पेरं लिव्हरवर यायला हवीत. नुसती टोकं लागत असतील तर जोर येत नाही. मग मनगट ताणलं जातं आणि ब्रेक दाबता दाबता थ्रॉटलही उघडतो. काही बाईकच्या लिव्हरवर बुडाशी आकडे असलेलं छोटं चाक असतं, ते फिरवून लिव्हर जवळ आणता येतो. क्लचचंही असंच बघायचं. लहान हातांसाठी सीटच्या उंचीइतकीच ही गोष्ट महत्त्वाची, पण शोरूममध्ये सगळ्यांचं लक्ष पायांकडे.

तर पाय. थांबताना बाईक किंचित डावीकडे झुकते, डावा पाय टेकतो आणि उजवा मागच्या ब्रेकवर राहतो. चढावर तर तो तिथेच हवा, नाहीतर बाईक मागे घरंगळेल. दोन्ही पाय सपाट टेकून करायचंय काय? लाया सान्स ही स्पेनची रायडर 2015 च्या डकार रॅली या खडतर, लांब पल्ल्याच्या शर्यतीत मोटरसायकल गटात नववी आली. तिथल्या बाईकच्या सीट 90 सेंटिमीटरच्या वर असतात. ती व्यावसायिक आहे, मान्य. नवशिकीला दोन्ही चवडे टेकले की धीर येतो, हेही मान्य. पण त्यासाठी कागदावरचा उंचीचा आकडा पुरत नाही. सीट रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि बुटकी बाईकही उंच वाटते. अरुंद सीटवर उलटं होतं. बसून बघितल्याशिवाय कळत नाही.

बाईक खाली करून घेण्याचं तर विचारूच नका. सस्पेन्शनची लिंक, म्हणजे मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा जोड, बदलून बाईक तीनेक सेंटिमीटर खाली आली, पण साइड स्टँड आहे तेवढाच राहिला. मग उभी केलेली बाईक कलतच नाही, जवळजवळ सरळ राहते, आणि कुणाचा धक्का लागला की पलीकडे आडवी. फक्त मागूनच खाली केली तर हँडलही सुस्त होतं. आधी सीटचा फोम तासून बघा, जाड तळव्याचे बूट घालून बघा.

सीसीबद्दल थोडक्यात. पहिली बाईक हलकी आणि शांत इंजिनाची असावी हे खरं, पण ते नवशिक्या पुरुषालाही तितकंच लागू. आणि सीसी म्हणजे इंजिनाचं आकारमान, त्यावरून ना वजन कळतं, ना ताकद. रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 आणि केटीएम ड्यूक 390 यांच्या सीसीत फार फरक नाही, पण ड्यूकची ताकद दुपटीहून जास्त आणि वजन वीस किलोंहून जास्त कमी. नवशिकीने यातली कुठली घ्यावी, हे सीसी बघून सांगा बरं!

गर्भाशयाचं? 1890 च्या दशकात सायकल चालवणाऱ्या बायकांना असंच घाबरवत होते. गर्भाशय खाली सरकण्यामागे मुख्यतः बाळंतपणं, वय, सततचा जोर लावणं ही कारणं असतात. बाईकच्या सीटवर खापर फोडू नका.

राहिला घरचा पुरुष. हर्ट यांच्याच अहवालात आहे की अपघातातले 92 टक्के चालक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते, आणि रीतसर प्रशिक्षण घेतलेल्यांचे अपघात कमी होते. तेव्हा शिकायला प्रशिक्षकाकडे जा. बाईक बघायला भाऊ सोबत आला तर येऊ दे, गप्पांना बरा असतो. फक्त इंजिन बंद असलेली बाईक स्टँडवरून उचलून मागे ढकलायची वेळ आली की त्याला हात लावू देऊ नका. ती तुमच्याच्याने ढकलली जाते का, हेच तर बघायला गेलाय.