उंदरांचं विष आणि फुवांचं इन्सुलिन

परवा पारोळ्याहून फुई, म्हणजे माझी आत्या, फुवांना घेऊन माझ्या औषधाच्या दुकानात आली. फुवांच्या तोंडाला कोरड, रात्रीतून सहादा लघवीला उठले म्हणे. मशीनवर शुगर 438. चौदा वर्षांचा मधुमेह, तीन वर्षांपासून इन्सुलिन, पण हा आकडा कधी पाहिला नव्हता. खोदून विचारलं तेव्हा कळलं, चार दिवसांपासून इंजेक्शन बंद आणि दोन वेळ कारल्याचा रस चालू. फुईने मोबाइल पुढे केला. "हाई खरं शे ना रे, भाऊ?"

मेसेज तुमच्याकडेही आलाच असेल. त्याचा सारांश असा: प्रयोगशाळेत उंदरांना मधुमेह करायला 'स्ट्रेप्टोझोटोसिन' नावाचं विष टोचतात. स्वादुपिंडाच्या कॅन्सरला केमो म्हणून देतात तेही हेच विष. म्हणजे कंपन्या आधी शुगर करतात, मग इन्सुलिन विकतात. त्याच उंदरांची शुगर कारल्याच्या रसाने 21 दिवसांत नॉर्मल झाली. तेव्हा इन्सुलिन आजच फेका.

दोघांना आधी डॉक्टरांकडे धाडलं. लघवीत कीटोन (इन्सुलिन फारच कमी पडलं की शरीरात साचणारे घातक पदार्थ) नव्हते, नशीब. मग लिहायला बसलो.

यातलं पहिलं वाक्य खरं आहे, ते कबूल करून टाकतो. मी स्वतः ते विष टोचलंय. एम.फार्म.च्या प्रोजेक्टला पांढरे विस्टार उंदीर होते. पावडर सायट्रेट बफरमध्ये बर्फावर विरघळवायची आणि लगेच टोचायची, कारण ती पाण्यात टिकत नाही. टोचल्यावर पहिल्या रात्री उंदरांना ग्लुकोजचं पाणी ठेवावं लागतं. मधुमेह करायचाय आणि साखर पाजायची? हो, कारण स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या, मरत असलेल्या बीटा पेशींमधलं साठलेलं इन्सुलिन एकदम बाहेर सांडतं, शुगर खाली कोसळते आणि उंदीर सकाळपर्यंत मरून पडतो. आमचे दोन असेच गेले. तीन दिवसांनी शेपटीच्या थेंबावर शुगर 250 च्या वर दिसली की उंदीर 'मधुमेही' धरायचा. त्यानंतर पाण्याच्या बाटल्या दुपारपर्यंत रिकाम्या, आणि पिंजऱ्यातलं तूस दिवसातून दोनदा बदललं तरी ओलंच.

हेच रसायन कॅन्सरवर देतात, हेही खरं. अमेरिकेत 1982 पासून त्याला मान्यता आहे, 'झॅनोसार' नावाने. पण कुठल्या कॅन्सरवर, ते मेसेजवाल्याने गिळलंय. स्वादुपिंडाच्या दहातल्या नऊहून जास्त गाठी पाचकरसाच्या नळ्यांमधून उठतात. त्यांच्यावर हे औषध नाही. हे आहे इन्सुलिनसारखे हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी. अशी गाठ कधी कधी इतकं इन्सुलिन ओतते की माणूस बसल्या जागी घाम फुटून बेशुद्ध पडतो. ज्या पेशीने उच्छाद मांडलाय तिलाच मारणारं औषध शोधलं, यात कट कुठला? कपाशीतल्या तणावर तणनाशक मारलं म्हणून कोणी कृषी केंद्रवाल्याला वावर जाळणारा म्हणतं का?

बरं, हे औषध घेतलेल्या माणसाला मधुमेह होतो का? मेसेजचा सगळा डोलारा यावर उभा आहे. इथे माझं ऐकू नका, औषधाच्या खोक्यातली माहितीपत्रिका वाचा. कंपनीने तिच्यात वाईटातलं वाईट लिहिलंय. मूत्रपिंडाला इजा होते, ती डोसागणिक साचत जाते, जिवावरही बेतू शकते. उलट्या जवळपास सगळ्यांना. आणि साखरेबद्दल? काही रुग्णांत साखर पचवण्याच्या क्षमतेत सौम्य ते मध्यम बिघाड दिसला, तो बहुतेक वेळा भरून आला. उलट शुगर एकदम खाली जाण्याचा धोका नोंदवलाय, आमच्या उंदरांसारखाच.

उंदराला पक्का मधुमेह आणि माणसाला बहुधा नाही, असं का? हे रसायन ग्लुकोजचं सोंग घेऊन ग्लूट-2 नावाच्या दारातून पेशीत शिरतं आणि आत गेल्यावर डीएनए तोडतं. उंदराच्या बीटा पेशीला ही दारं भरपूर, माणसाच्या बीटा पेशीला फार थोडी. मूत्रपिंडातही ही दारं आहेत, म्हणून तिथला धोका खरा. लोकांना घाबरवायचंच होतं तर मूत्रपिंडाचं नाव घ्यायचं होतं. पण त्यावर कारल्याचा रस खपला नसता.

इन्सुलिन विकायला शुगर केली म्हणे. माणसाला इन्सुलिन पहिल्यांदा टोचलं 1922 मध्ये, टोरांटोत. मातीतल्या जंतूपासून हे रसायन निघालं 1950 च्या दशकाच्या शेवटी, तेही अँटिबायोटिक शोधताना. त्याने मधुमेह होतो हे छापून आलं 1963 मध्ये. आणि मधुमेह तर सुश्रुताच्या ग्रंथातही आहे. पुढे जाऊ.

आता कारलं. उंदरांत कारल्याने, जांभळाच्या बियांनी, मेथीने शुगर उतरली असे पेपर ढिगाने आहेत. माझा स्वतःचा प्रोजेक्टही त्यातलाच, जांभळाच्या बियांचा, म्हणून सांगतो. डोस थोडा कमी पडला की काही पेशी वाचतात आणि काही उंदरांची शुगर कुठलाही रस न पाजता आपोआप खाली येते. शिवाय तो उंदीर निरोगी होता, त्याच्या पेशी आपण एका दुपारी मारल्या. फुवांचं शरीर वर्षानुवर्षं इन्सुलिनला दाद देत नव्हतं, आता ते बनवणंही कमी झालंय. दुखणं एक नाही, आणि मापही एक नाही. कारल्याने शुगर थोडीफार उतरत असेल, नाही म्हणत नाही. इन्सुलिनच्या जागी ते चालत नाही. आणि मेसेजमधले ते '21 दिवसांत बरे झालेले' उंदीर? बहुतेक प्रयोगांत शेवटच्या दिवशी उंदीर मारून त्याचं स्वादुपिंड काचपट्टीवर घेतात. आमचेही तसेच गेले.

काय गंमत आहे बघा, वरच्या अर्ध्या मेसेजमध्ये उंदरावरचा प्रयोग म्हणजे कंपनीचं पाप, आणि खालच्या अर्ध्यात तोच प्रयोग कारल्याचा पुरावा!

इन्सुलिन डॉक्टरांनी पुन्हा चालू केलंय. काल रात्री फुईचा फोन आला, उपाशीपोटी 190. कारल्यांचं काय करू, अर्धा किलो पडलीत, विचारत होती. म्हटलं, दाण्याचं कूट घालून भाजी कर. मेसेज ज्यांनी टाकला ते आमचे व्याही निघाले, म्हणून ग्रुपवर नाव घेत नाही. त्यांनी स्वतःच्या गोळ्या बंद केल्यात का, तेवढं मात्र कोणीतरी विचारा.