घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्या बाईने घ्यायची काळजी

तर बाई गं, इतिहासात एमए केलंस, मोडी शिकलीस, पीएचडीचं बाड गाईडनेसुद्धा अर्धंच वाचलं, आणि आता एका मोठ्या घरातून फोन आलाय की आमच्या पेढीला शंभर वर्षं होतायत, एक छानसं पुस्तक करू या. अभिनंदन! मी यात वीसेक वर्षं घालवलीयेत, तेव्हा चार गोष्टी फुकट सांगते. फुकटची सवय आत्तापासून असलेली बरी, कारण मानधनाचा विषय काढलास की तिकडून "अहो ताई, घरचंच काम आहे" असंच ऐकायला मिळेल.

मूळ पुरुष गरीब होता, हे आधी लिहून टाक. खिशात चार आणे घेऊन गाव सोडलं. नंतर खतावणीत सापडेल की सासऱ्याने त्याच साली दोन हजार रोख मोजले होते, पण ते पान परत मिटायचं. दोन हजार घेऊन कुणी मुखपृष्ठावर जात नाही, चार आणेच लागतात.

धंदा कसला होता हे विचारायच्या भानगडीत पडू नकोस. "चीनशी व्यापार" हे दोन शब्द पुरे. सर जमशेटजी जीजीभॉय चीनला कापूस पाठवायचे आणि अफूही पाठवायचे, पण जे. जे. हॉस्पिटलात केसपेपर काढताना कोण कशाला आठवेल ते. वर 1857 मध्ये ते बॅरोनेट झाले, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणारा इंग्रजी किताब, आणि पुढे कायद्यानेच ठरलं की गादीवर येईल त्याने जमशेटजी जीजीभॉय हेच नाव लावायचं. मुलगा मूळचा करसेटजी, तोही जमशेटजी झाला, त्यानंतरचेही सगळे जमशेटजीच. वंशावळ काढायला बस आणि मग सांग डोकं किती दुखतं ते.

बायकांचं प्रकरण मात्र अगदी जपून लिही. त्यांच्यासाठी एक पान ठेवलेलं असतं, सुरुवातीलाच, हार घातलेल्या फोटोचं, खाली "प्रेरणास्थान". त्याच्या पुढे जाऊ नकोस. म्हणजे मुंबईतल्या माहीम कॉजवेसाठी याच जमशेटजींच्या बायकोने, लेडी आवाबाईंनी, 1840 च्या दशकात 1,57,000 रुपये दिले, तेही टोल लावायचा नाही या अटीवर, आणि रस्त्याला नाव काय, तर लेडी जमशेटजी रोड. एल. जे. रोडला सिग्नलवर अडकलीस की विचार कर, यात आवाबाई कुठेय? तसंच 1924 चं. टाटांच्या पोलाद कारखान्याकडे पगाराला पैसे नव्हते, तेव्हा दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाईंचा 245 कॅरेटचा ज्युबिली हिरा इम्पीरियल बँकेत तारण गेला. कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. हे लिहिताना क्रियापद सांभाळ, "त्यांनी भांडवल पुरवलं" असं नाही म्हणायचं, "त्यांनी साथ दिली". दागिना गहाण पडला की त्याची साथ होते, हा अकाउंटिंगचा जुना नियम आहे.

उगाच वाटायला नको की हे आपल्याकडेच. फ्रँकफर्टच्या मायर आम्शेल रोथशिल्ड या बँकरने 1812 च्या मृत्युपत्रात लिहूनच ठेवलं की मुली आणि जावई यांना धंद्यात वाटा नाही आणि वह्या तपासायचाही हक्क नाही. त्याची पोरं एकमेकांना जी पत्रं लिहायची ती जर्मनच, पण हिब्रू अक्षरांत, म्हणजे बाहेरच्याला वाचता येऊ नयेत. आपली मोडीच की. ते कागद आता लंडनला नीट लावून ठेवलेत, कुणीही जाऊन बघावं, बायकांनीसुद्धा.

टाटांचं दफ्तर पुण्यात, गोदरेजचं विक्रोळीत, एसीत. तुझ्या वाट्याला गोडाऊन. मला मिळालं त्यात फुटक्या मूर्त्यांमागे बेचाळीस चोपड्या होत्या, पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक आणि शुभ-लाभ, आतून कसर लागलेली, हात लावला की भुगा. सोबत दिवाणजी. ते तासातासाला विचारायचे, "मॅडम, अजून किती?"

आता खरं सांगते, गोडीगुलाबीने नांदलेल्या घराचा इतिहास लिहिताच येत नाही, कारण कागदच नसतो. कागद असतो तो भांडणाचा. थोरली पाती आणि धाकटी पाती कोर्टात गेली की कोणी किती घातले, कोणी किती उचलले, कोणत्या वहिनीच्या नावावर कोणतं गोडाऊन, सगळं तारीखवार बाहेर पडतं. अर्थात तू लिहिताना "सामंजस्याने पुनर्रचना" लिही.

त्याच चोपड्यांखाली मला एक पत्र्याची पेटी मिळाली होती. आत हक्कसोडपत्रं, एकूण सात. आत्या, बहिणी, पुतण्या. महाराष्ट्रात 1994 ला मुलींना वडिलोपार्जितात वाटा देणारी दुरुस्ती आली, सातातली पाच त्याच्या पुढच्या दोन वर्षांतली. सगळ्यांत एकच वाक्य, "विनामोबदला, स्वखुशीने व कोणत्याही दबावाशिवाय". एका आत्याबाईंची सही नव्हती, अंगठा होता. त्याच आत्याबाईंनी तीस साली गावातल्या पहिल्या मुलींच्या शाळेत बक्षीस मिळवलेलं, त्याचं सर्टिफिकेट तिथेच, त्याच पेटीत. मी ते थोरल्या शेठना दाखवलं. ते म्हणाले, हात दुखत असेल, म्हातारपण. मग चहा मागवला, बिस्किटं पण.

त्या पेटीवरचं प्रकरण पुस्तकातून गळलं. पुस्तक आर्ट पेपरवर निघालं, वजन दोन किलो, ऋणनिर्देशात मी केटररच्या खाली आणि फोटोग्राफरच्या वर.

तेव्हा शेवटची सूचना, करार वाच. माझा त्यांच्या वकिलाने फॅमिलीच्याच जुन्या फॉरमॅटवर बनवला होता. कॉपीराइट, टिपणं, मुलाखतींच्या टेप, सगळ्यावरचा हक्क मी सोडत्ये, स्वखुशीने व कोणत्याही दबावाशिवाय. सही इंग्रजीत केली, झोकात. पेन दिवाणजींचं होतं, ते त्यांनी टोपण लावून लगेच परत खिशाला अडकवलं.