गजीबुवा

सोसायटीचा सेक्रेटरी झालो तेव्हा वाटलं होतं, फार तर टँकरच्या पाण्यावरून शिव्या खाव्या लागतील. स्पेलिंगवरून खाव्या लागतील, हे कुणी सांगितलं नव्हतं.

आमची सोसायटी घोडबंदर रोडला. बागेत आठ खांबांवर छप्पर आणि खाली दोन बाकं, अशी एक वस्तू आहे. ते छप्पर गळायला लागलं म्हणून मी इंग्रजीत नोटीस लावली आणि त्या वस्तूचं नाव 'जी-ए-जे-आय-बी-ओ' असं लिहिलं. संध्याकाळी कुणीतरी लाल पेनाने 'जे'चा झेड केला. रात्री दुसऱ्या कुणी हिरव्या पेनाने 'आय'चा ई. सकाळी लिफ्टशेजारी माझी सातवीतली वहीच टांगल्यासारखी दिसत होती.

वॉचमन या भानगडीत पडत नाही. तो सरळ 'गजीबुवा' म्हणतो. "साहेब, बी विंगचे आजोबा गजीबुवाकडे बसलेत." ऐकणाऱ्याला वाटावं, खाली कीर्तन चालू आहे.

शेवटी शब्दकोश उघडला. हा 'गझिबो' इंग्रजीत छापलेला सापडतो १७५२ सालापासून. 'गेझ' म्हणजे टक लावून बघणं. त्याला कुणा गमत्याने लॅटिनचं शेपूट जोडलं असावं, असा एक तर्क. लॅटिनमध्ये 'विडेबो' म्हणजे 'मी पाहीन', त्याच चालीवर गेझ-एबो. काही जाणकारांना तो पूर्वेकडच्या कुठल्याशा शब्दाचा अपभ्रंश वाटतो. मला पहिलाच तर्क पटला, कारण बिल्डरचं सगळं व्याकरण भविष्यकाळातच चालतं. ब्रोशरप्रमाणे आमच्या गझिबोतून येऊरचे डोंगर दिसणार होते. सध्या शेजारच्या टॉवरचं पोडियम पार्किंग दिसतं.

एजीएममध्ये मी म्हटलं, मराठी शब्दच वापरू. मेघडंबरी?

"ती रायगडावर, महाराजांची," चारशे दोनच्या काकू कडाडल्या. "आपल्या इथे खाली कुत्री झोपतात."

मंडपी?

"लग्न कुणाचं आहे?"

मग 'गझिबो'च ठरला, झेड आणि ई सकट, बहुमताने. मी इतिवृत्ताची वही मिटतोय तोच मागून आवाज आला, "ए विंगमागे दुसरा बांधायचाय ना? मग अनेकवचनाला नुसता एस, की ई-एस?"

शब्दकोशाला दोन्ही चालतात. ते मी प्रामाणिकपणे सांगून टाकलं, आणि सभा आणखी पाऊण तास चालली.