जुने बँड आणि पुढे गेलेलं मेटल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर लिहितो. तुमचा आक्षेप असा, की जुडास प्रीस्ट, आयर्न मेडन हे हेवी मेटलचे जुने बँड आता जुन्या पुण्याईवर जगतात, मेटल केव्हाच मेशुगा, गोजिरा या नंतरच्या बँडच्या वाटेने पुढे गेलं आणि मी मात्र भक्तिभावाने या म्हाताऱ्यांच्या नव्या अल्बमचं कौतुक करत बसलोय.

भक्तिभाव आहेच. पण ‘पुढे गेलं’ हे काही पटत नाही. तुम्ही ज्याला नवा म्हणता, तो मेशुगासुद्धा 1987 सालचा बँड आहे.

प्रीस्टचंच बघा. 1969 साली बर्मिंगहॅममध्ये सुरू झालेला बँड. 1986 च्या ‘टर्बो’ अल्बममध्ये त्यांनी गिटार-सिंथेसायझर (गिटारमधून इलेक्ट्रॉनिक आवाज काढणारं वाद्य) वापरून पाहिला. त्याच वर्षी स्लेअर या तरुण बँडचा ‘रेन इन ब्लड’ अल्बम आला आणि वेगवान म्हणजे किती वेगवान, याचा अंदाजच बदलला. त्याच स्लेअरने 1988 मध्ये प्रीस्टचं 1977 सालचं ‘डिसिडंट अ‍ॅग्रेसर’ हे गाणं आपल्या अल्बमवर घेतलं. आणि मग 1990 मध्ये प्रीस्टचा ‘पेनकिलर’ अल्बम! नवा ड्रमर स्कॉट ट्रॅव्हिस, दोन्ही पायांनी वाजवलेल्या बास ड्रमचा मारा, गायक हॅलफर्डची ती कानठळ्या बसवणारी किंकाळी. पोरांनी त्यांच्याकडून जे उचललं होतं, ते वाढवून समोर ठेवलं, आणि थोरांनी ते बिनदिक्कत घेतलं. पुढे 1998 मध्ये डेथ मेटल या मेटलच्या अधिक आक्रमक प्रकाराचा पाया घालणाऱ्या ‘डेथ’ या बँडने याच अल्बमचं ‘पेनकिलर’ हे शीर्षकगीत वाजवलं. या देवाणघेवाणीत मागे कोण राहिलं, ते तुम्हीच सांगा.

काळाकडे कान असणं वेगळं आणि काळामागे धावणं वेगळं. मेटॅलिकाच्या ‘सेंट अँगर’मध्ये (2003) गिटार सोलो नाहीत, तेव्हा न्यू मेटलची (मेटलमध्ये हिप-हॉप वगैरे मिसळणाऱ्या प्रकाराची) चलती होती. मला तो अल्बम आजही उसना वाटतो. याउलट सेल्टिक फ्रॉस्ट हा जुना बँड 2006 मध्ये ‘मोनोथिइस्ट’ अल्बम घेऊन आला, आधीच्या अल्बमनंतर तब्बल 16 वर्षांनी. संथ, जड, अंगावर येणारा. त्यात त्यांच्या ऐंशीच्या दशकाची नक्कल नाही आणि कुणा तरुण बँडचीही नाही. तो ऐकला नसेल, तर आवर्जून ऐका, एका बैठकीत.

मैफलींत तीच ती गाणी वाजतात, हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण त्यात आपणही आलो. 2006 च्या दौऱ्यात मेडनने ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ हा नवाकोरा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला, सगळीच्या सगळी दहा गाणी. आणि श्रोत्यांतलेच कितीतरी जण जुनी गाणी हवीत म्हणून कुरकुरले. बँडने धाडस करायचं आणि आपण घड्याळाकडे बघायचं, मग त्यांना शिळं कसं म्हणणार?

एका बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूचा आहे. स्लेअरने 2019 मध्ये निरोपाचे कार्यक्रम केले आणि 2024 मध्ये ते पुन्हा मंचावर आले, तेही नव्या अल्बमशिवाय. स्लेअर माझा अतिशय लाडका बँड. तरी ते परतणं मला रुचलं नाही.