सेमिनरी हिल्सचा चढ आणि माझी 21 गिअरची सायकल

साध्या सायकलवरून गिअरच्या सायकलवर येताना आधी काय शिकावं? माझ्या मते गिअर बदलायची वेळ. बाकी सगळं हळूहळू येतं.

पहिल्या पगारातून घेतलेली माझी सायकल 21 गिअरची होती, पुढे 3 दातेरी चकत्या आणि मागे 7. डावा लिव्हर पुढचा, उजवा मागचा, एवढं दुकानातच कळलं. खरी शिकवणी झाली नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या चढावर. अर्ध्या चढात, पायात सगळा जोर असताना मी गिअर टाकला, चेन कर्रकन ओरडली आणि उतरली. हात काळे करत ती बसवली. बर्डीतल्या मिस्त्रीकाकांना सांगितलं, तर त्यांनी सायकल स्टँडवर चढवली, हाताने पेडल फिरवत एकेक गिअर टाकून दाखवला. "बेटा, चढ लागायच्या आधीच गिअर हलका कर. पाय फिरत ठेव, पण जोर काढून घे." पुढची मोठी आणि मागचीही मोठी चकती एकत्र लावायची नाही, चेन तिरपी ओढली जाते, हेही त्यांचंच.

ट्यूबमध्ये हवा भरायचा बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह मात्र मी स्वतः शिकलो. टोकावरची इवलीशी पितळी फिरकी सैल केल्याशिवाय हवा जातच नाही!

उन्हाळ्यात पहाटे 5 ला निघायचो, फुटाळा तलावापर्यंत. नीट लावलेल्या गिअरची ती बारीक टिकटिक रिकाम्या रस्त्यावर अजून कानात आहे. ती सायकल मी विकलेली नाही. आता पुतणी चालवते.