कोटणीस ‘मिशन’वर गेले, पण ते चर्चचं नव्हतं

सोलापुरातल्या गटांवर एक मेसेज फिरतोय : युद्धकाळातल्या ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्यांच्या यादीत आपल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची ‘खरी गोष्ट’ आहे, ते मिशनरी होते, चर्चने त्यांना चीनला पाठवलं. यादी माझी, म्हणून खुलासाही मीच करतो.

त्या यादीत कोटणीस नाहीत. घोळ ‘मिशन’ या शब्दाने घातला. जपानशी झुंजणाऱ्या चीनला काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टर पाठवले, त्यांतले एक कोटणीस. त्या पथकाला ‘मेडिकल मिशन’ म्हणत, एवढंच. उलट कोटणीस १९४२ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले!

प्रेमकहाणी मात्र अस्सल. परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी १९४१ मध्ये लग्न. मुलाचं नाव यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. बाळ पुरतं बसायलाही लागलं नव्हतं तोच, ९ डिसेंबर १९४२ ला, बाप गेला. वय अवघं ३२.

ख्रिस्ती प्रेमकादंबरीत खरा पेच श्रद्धेचा असतो : आघाडीवरून पत्र येत नाही तेव्हा नायिकेची प्रार्थना टिकते की डगमगते. कोटणीसांच्या गोष्टीत तो धागाच नाही. ती वाचायची तर चरित्र म्हणून वाचा. सोलापूरकरांना तर भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक हाकेच्या अंतरावर आहे.